नाव स्पॅनिश, डुक्कर घरचं

गेल्या अंकात फिलिपिन्समधल्या भाताच्या जातींवर चार पानं लिहिली. त्यात जाता जाता एक वाक्य टाकलं होतं: "फिएस्ताच्या आदल्या रात्री शेजारच्या अंगणात डुक्कर ओरडलं, की समजायचं उद्या कोणाच्याच घरी चूल पेटणार नाही." (फिएस्ता म्हणजे गावच्या संताचा सण.) पत्रं आली ती सगळी त्या एका वाक्यावर! भाताबद्दल एकानेही विचारलं नाही. असो, आमच्या ह्यांची मेहनत पाण्यात गेली, पण मला मात्र बोलायला विषय मिळाला.

ज्यांनी मागचा अंक पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. लागुना प्रांतात, माकिलिंग डोंगराच्या पायथ्याशी लॉस बान्योस नावाचं गाव आहे. तिथल्या भात संशोधन संस्थेत हे होते, आणि मी नऊ वर्षं घरमालकिणीच्या स्वयंपाकघरात. तिला सगळी गल्ली नानाय म्हणायची, म्हणजे आई. मीही तेच म्हणायची. खालच्या उत्तरांतलं निम्मं तिचं, निम्मं नंतर वाचलेलं.

प्रश्न : ताई, 'लेचोन' हा शब्द स्पॅनिश आहे असं वाचलं. म्हणजे अख्खं डुक्कर भाजायची ही पद्धत स्पेनच्याच लोकांनी तिथे नेली असणार ना?

शब्द त्यांचाच. 'लेचे' म्हणजे दूध, म्हणून लेचोन म्हणजे दूधपितं पिल्लू. फिलिपिन्समध्ये मात्र तीस किलोचं धूडही लेचोनच. अख्खी भाजलेली कोंबडी ती लेचोन मानोक. आणि खरंच दूधपितं पिल्लू भाजलं, तर त्याला 'लेचोन दे लेचे' म्हणायचं. पिवळा पीतांबर म्हणतो आपण, त्यातलाच प्रकार.

पण जनावराला तिथे बाबोय म्हणतात, आणि हा शब्द स्पॅनिश लोक यायच्या आधीपासून तिथे आहे. स्पेनकडून पहिल्यांदा तिथे पोचलेल्या मॅगेलनच्या ताफ्यात आंतोनिओ पिगाफेत्ता नावाचा एक इटालियन होता. दिसेल ते टिपून ठेवायची त्याला सवय. १५२१ साली त्याने तिथल्या शब्दांची यादी केली, तिच्यात डुकरासमोर 'बाबुई' लिहिलंय. आणखी मागे जायचं तर लुझोन या मोठ्या बेटाच्या उत्तर भागात, कागायान नदीच्या खोऱ्यात, नागसाबारान इथे, पाळीव डुकरांची हाडं सापडली आहेत. ती सुमारे ४००० वर्षांपूर्वीची. समुद्र ओलांडून येणाऱ्यांनी ती होडीत घालून आणली. ओरडणारं डुक्कर छोट्या होडीत घेऊन कोणी समुद्रात कसं शिरलं असेल, याचा विचार मी फार वेळा केला आहे.

याच पिगाफेत्ताची एक कबुली मला फार आवडते. २९ मार्च १५२१, गुड फ्रायडे. ख्रिस्ती माणसाने त्या दिवशी मांसाला शिवायचं नाही. हा लिमासावा बेटावर तिथल्या राजाचा पाहुणा. होडीच्या मागच्या टोकावर बांबूच्या छताखाली बसले, राजाने डुकराच्या मांसाची थाळी आणि मद्याचा मोठा रांजण मागवला. प्रत्येक घासाला एक पेला! पिगाफेत्ता लिहितो, त्या पवित्र शुक्रवारी मी मांस खाल्लं, माझा इलाज नव्हता. म्हणजे युरोपच्या माणसाने या बेटांवरच्या मेजवानीचं पहिलंवहिलं वर्णन लिहिलं, तेही उपास मोडल्याची कबुली देतच.

पुढे सेबू बेटावर त्याने डुक्कर मारण्याचा विधी पाहिला, आणि तो बारकाईने लिहून ठेवला. आधी मोठ्या घंटा वाजल्या. जमिनीवर कापड अंथरलं. दोन म्हाताऱ्या बायका आल्या, दोघींच्या हातात बांबूचे कर्णे. त्यांनी सूर्याला नमस्कार केला. एकीने कपाळावर दोन शिंगांसारखा रुमाल बांधला. बांधलेल्या डुकराभोवती त्या नाचल्या, सूर्याशी काहीबाही बोलल्या. मग शिंगवालीने डुकराच्या छातीवर मद्य शिंपडलं, भाला चार-पाच वेळा नुसताच रोखला, आणि मग एका झटक्यात काळजातून आरपार! जखमेत लगेच गवत कोंबलं. तिनेच स्वतःच्या तोंडात पेटती मशाल धरून ती विझवली. दुसरीने कर्ण्याचं टोक रक्तात बुडवून आधी नवऱ्यांच्या आणि मग बाकीच्यांच्या कपाळाला रक्ताचा टिळा लावला. "आमच्याकडे मात्र त्या आल्या नाहीत," असंही तो नोंदवतो. जरा खट्टू झाला असावा. नंतर ताटातलं खायला बसल्या त्या फक्त बायका. अशा म्हाताऱ्यांनी मारलेलं नसेल, तर ते डुक्कर तिथे कोणी खात नसे.

आणि ते अंथरलेलं कापड कुठलं होतं, तर कांबायाचं. म्हणजे आपल्या खंबायतचं! इथून इतक्या लांबचं कापड सेबूच्या म्हाताऱ्यांच्या पायाखाली होतं, हे वाचून मी नानायला मुद्दाम सांगितलं होतं. तिने विचारलं, "रक्ताचे डाग निघाले का त्याचे?"

या बायांना विसाया बेटांवर, म्हणजे सेबूसारख्या देशाच्या मधल्या बेटांवर, बाबायलान म्हणत. स्पॅनिश पाद्री आले, तसं त्यांचं काम गेलं. डुक्कर मात्र राहिलं. पूर्वी सूर्याच्या नावाने मारायचे, आता गावच्या संताच्या सणाला मारतात. त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं, की स्पेनने नाव दिलं, संत दिला आणि कॅलेंडरातली तारीख दिली.

प्रश्न : अख्खं डुक्कर भाजतात म्हणजे नेमकं काय करतात? आणि तुकडे करून का नाही भाजत? वेळही वाचेल, कोळसाही.

वेळ वाचवायचाच नसतो हो त्यांना!

मी पाहिलेलं सांगते. मे महिना, गल्लीतली फिएस्ता. पहाटे तीनला दोन भाऊ आले. भाजणाऱ्याला लेचोनेरो म्हणतात. डुक्कर मारून, उकळतं पाणी ओतून, केस खरवडून काढले. सोललेल्या बटाट्यासारखं गुळगुळीत दिसत होतं. पोट साफ केलं, आत मीठ चोळलं, चिंचेच्या पाल्याची मोठी जुडी भरली आणि गोणपाट शिवायच्या सुईने पोट शिवलं. तोंडातून घातलेला हिरवा बांबू पाठीमागून बाहेर काढला. निखारे थेट खाली ठेवत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. खाली ठेवले तर चरबी ठिबकून भडका उडतो आणि कातडी काळी पडते. निखाऱ्यांच्या दोन रांगा दोन बाजूंना. खांद्याकडे आणि मागच्या मांड्यांकडे जास्त, मधल्या पोटाकडे कमी, कारण तिथे मांस पातळ.

मग फिरवायचं. चार-पाच तास, हाताने, न थांबता. थांबलात की एका बाजूला फोड येतात आणि फोड फुटला की रस गेला. सातच्या सुमाराला धाकटा भाऊ कॉफी प्यायला उठला आणि बांबूचं टोक त्याने माझ्या हातात दिलं. मी अर्धा तास फिरवलं. तळहात लाल, डोळ्यांत धूर, आणि वरून तो सांगतोय, "हळू मिसिस, त्याला चक्कर येईल."

झालं की नाही ते नानाय सुरीच्या पाठीने ठरवायची. कातडीवर ठोकायची, कोरड्या लाकडासारखा टक्क आवाज आला पाहिजे. कातडी काचेसारखी, लालसर तपकिरी. खरा मान तिचाच, आणि तो मान तासा-दोन तासांचा. नंतर ती वातड होते. म्हणून पाहुणे वेळेवर येतात. फिलिपिनो माणसाला वेळेवर आणणारी दुसरी गोष्ट मी पाहिली नाही. पाद्री यायच्या आत पोरांनी शेपूट आणि एक कान पळवलेला असतो, त्या बाजूला मग केळीचं पान टेकवून ठेवायचं.

तुकडे का नाही, तर वाटण्या. डुक्कर अख्खं असेल तरच कोणाला काय गेलं ते दिसतं. नानायकडे मागची एक तंगडी मुलाच्या नीनोंगकडे, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळच्या धर्मपित्याकडे जायची. डोकं घरात राहायचं. ज्याने पिल्लू दिलं त्याचा वाटा वेगळा. तिथे 'पाइवी' म्हणून एक रीत आहे. पिल्लू एकाचं, वाढवणारा दुसरा, आणि आलेलं दोघांत. आपल्याकडच्या अर्धेलीसारखंच. मांस तोलून विकत आणलं, तर हे हिशोब कसे चुकवणार?

सेबूचं लेचोन निराळं. तिथे पोटात गवती चहाच्या जुड्या, लसूण, पातीचा कांदा आणि भरपूर मीठ. मांसालाच चव असते म्हणून सेबूकर सोबत काही घेत नाहीत, फार तर व्हिनेगर. मनिलाकडे काळीजाची (लिव्हरची) दाट, गोडसर चटणी लागते, ती 'मांग तोमास' नावाच्या बाटलीतही मिळते. त्या बाटलीचं नाव सेबूच्या माणसासमोर काढू नका. तो लगेच मनिलावाल्यांना मांस मुरवताच येत नाही यावर सुरू होईल. मनिलाशेजारी केसोन सिटीत ला लोमा म्हणून भाग आहे, तिथे रस्त्याला ओळीने लेचोनचीच दुकानं. आणि बातांगासमधल्या बालायानला २४ जूनला, सेंट जॉनच्या दिवशी, भाजलेल्या डुकरांची मिरवणूक निघते. त्यांना कपडे, टोप, गॉगल, सगळं घालतात. लोक एकमेकांवर पाणी उडवतात आणि गर्दीने वाटेतच लचके तोडू नयेत म्हणून डुकरांभोवती काटेरी तार असते. अंगावर झगा आणि भोवती काटेरी तार, असा थाट मी तरी दुसऱ्या कोणाचा पाहिलेला नाही.

प्रश्न : ताई, मुलगी दावावला मेडिकलला गेली आहे. घरी आम्ही शाकाहारी. ती म्हणते, भाजी म्हणून घेतलेल्या पदार्थातही डुकराचे तुकडे निघतात. खरं असेल का? काय करावं?

अगदी खरं आहे. मी पहिल्याच आठवड्यात फसले. एका ओळखीच्या घरी जेवायला गेले तर वाडग्यात मुगाची आमटी! डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. दुसऱ्या चमच्याला काहीतरी मऊ लागलं. वाटलं बटाटा. तो बटाटा नव्हता. त्या आमटीला मुंगो म्हणतात आणि तिच्यात डुकराचे तुकडे, कोळंबी किंवा वरून चिचारोन, म्हणजे तळलेली कातडी, काहीही असतं. गंमत म्हणजे मुंगो शुक्रवारचं जेवण आहे. कॅथलिकांचा शुक्रवार मांसाविना, म्हणून कडधान्य. शुक्रवारचं मुंगो पाळणाऱ्या घरात बिनमांसाचं मिळतं, बाकी दिवशी भरवसा नाही.

तिथल्या लेखी 'मांस' म्हणजे मोठा तुकडा. चवीपुरता टाकला, तर तो भाजीत मोडतो. त्यामुळे "भाजी आहे का?" असं विचारून उपयोग नाही, नाव घेऊनच विचारायचं. दावावला विसाया भाषा बोलतात, म्हणून "ना-आ बाय बाबोय आनी?" म्हणजे यात डुक्कर आहे का. आणि सांगायचं "वालाय बाबोय, पालिहुग", म्हणजे डुक्कर नको, कृपा करून. लुम्पिया (सारण भरलेल्या गुंडाळ्या), पानसित (शेवया), पिनाकबेत (मिसळीची भाजी) या तिन्हींची चौकशी नेहमी करायची. पिनाकबेतच्या भाज्या बघून जीव हरखतो, पण त्यात बागूंग असतं, म्हणजे खारवून आंबवलेली कोळंबी किंवा मासळी. पाव घेतानाही विचारावं, काही ठिकाणी कणकेत डुकराची चरबी घालतात.

दावाव ज्या दक्षिणेकडच्या बेटावर आहे, त्या मिंदानावमध्ये मुसलमान वस्ती मोठी आहे. पूर्ण देशात त्यांचं प्रमाण सुमारे ६ टक्के, पण त्यातले बहुतेक त्याच बाजूला. हलाल पाटी असेल तिथे डुक्कर नक्की नसतं, बाकी मांस असेल. अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाचे ख्रिस्ती डुक्कर खात नाहीत आणि त्यांच्यातले बरेच जण शाकाहारीच. वर्गात अशी एखादी मैत्रीण मिळाली, तर मुलीचा निम्मा प्रश्न सुटला. उरलेल्या निम्म्यासाठी कुकर पाठवा.

प्रश्न : दिनुगुआन म्हणजे चॉकलेटची भाजी असं कोणीतरी सांगितलं.

ज्याने सांगितलं त्याच्यापासून सावध राहा. दुगो म्हणजे रक्त. डुकराचं रक्त, मांस आणि व्हिनेगर यांचं ते काळंभोर कालवण, सोबत पुतो, म्हणजे तांदळाचा वाफवलेला गोळा, इडलीसारखा. 'चॉकलेट मीट' ही परदेशी पाहुण्यांना आणि लहान मुलांना घातलेली थाप. १९१४ साली सुरू झालेल्या इग्लेसिया नी क्रिस्तो या तिथल्याच पंथाचे लोक डुक्कर खातात, पण बायबलच्या आज्ञेप्रमाणे रक्त खात नाहीत. त्यामुळे घरात कोण कुठल्या चर्चला जातं, हे दिनुगुआनचं पातेलं फिरलं की कळतं.

प्रश्न : बानावेला भाताच्या पायऱ्या पाहायला गेलो होतो. एका इफुगाव घराच्या भिंतीवर ओळीने डुकरांच्या कवट्या टांगल्या होत्या. बायको घाबरली. जादूटोणा असतो का?

वहिनींना सांगा, तो घराचा जमाखर्च होता.

इफुगाव ही उत्तर लुझोनच्या डोंगरातली जमात. त्यांच्याकडे लग्न, आजारपण, मृत्यू, पीक, कशालाही देवांना आणि पूर्वजांना बोलवायचं तर डुक्कर लागतं. ते बोलावणाऱ्या पुरोहिताला मुम्बाकी म्हणतात. डुक्कर कापल्यावर तो पित्ताशय पाहतो. भरलेलं, नीट बसलेलं असेल तर शकुन चांगला. रिकामं किंवा आत दडलेलं असेल तर काम पुढे ढकलायचं, नाहीतर आणखी एक डुक्कर आणायचं. कवट्या आणि जबडे भिंतीवर राहतात, म्हणजे येणाऱ्याला कळावं, या घराने किती वेळा गावाला जेवू घातलं. आपण जसे पितळी भांड्यांवर घातलेली नावं मिरवतो, तसंच.

त्याच डोंगरांत खाली बेंगेटला अशा समारंभाला कान्याव म्हणतात. तिथे पाहुण्याला घरी नेण्यासाठी मांसाचा वाटा मिळतो, त्याला वातवात म्हणतात. आलेला माणूस रिकाम्या हाताने परत जात नाही. आमच्या गल्लीतली ती नीनोंगची तंगडी मला तेव्हा आठवली.

जबडा टांगण्याची एक गोष्टही आहे, दक्षिण लुझोनमधल्या बिकोलची. इबालोंग नावाच्या महाकाव्याचा एक तुकडाच उरला आहे, तो १८९५ साली छापला गेला. त्यात बालतोग नावाचा वीर येतो. त्याच्या अळूच्या मळ्यात तांदायाग नावाचं राक्षसी रानडुक्कर शिरतं. बालतोग त्याच्याशी हातघाईवर येतो, नुसत्या हातांनी त्याचा जबडा फाडतो आणि घरासमोरच्या झाडाला तो टांगतो. मग गावोगावचे शिकारी बघायला येतात. महाकाव्याची सुरुवात अळूच्या मळ्याच्या नासाडीने व्हावी, हे मला शेतकऱ्याच्या बायकोसारखं फार पटतं. रामायणात राज्य जातं, इथे अळू जातो.

खऱ्या रानडुकरांचं म्हणाल, तर विसाया बेटांवर मानेवर आयाळ असलेली एक जात आहे. ती आता अगदी थोडी, मुख्यतः नेग्रोस आणि पानाय बेटांवर. लेचोनच्या सेबू बेटावरून ती पार नाहीशी झाली.

प्रश्न : आस्वांग नावाची चेटकीण डुकराचं रूप घेते म्हणे. तुमचा अनुभव?

माझा नाही, नानायचा. म्हणजे तिच्या आजीचा. असे अनुभव एक पिढी मागचेच असतात.

आस्वांग दिवसा साधी शेजारीण. रात्री डुक्कर, कुत्रं किंवा मोठा काळा पक्षी. गरोदर बाईच्या वासावर येते. ओळखायची खूण म्हणजे तिच्या डोळ्यांत तुमचं प्रतिबिंब उलटं दिसतं. उपाय मीठ, लसूण आणि स्टिंग रे माशाच्या शेपटीचा चाबूक. पानाय बेटावरच्या कापीस प्रांताची या बाबतीत फार बदनामी झालेली आहे, तिथले लोक बिचारे वैतागतात. नानायची गोष्ट सरळ होती. आजीने रात्री घराखाली आलेल्या परक्या डुकराच्या पायावर कोयता मारला, आणि सकाळी पलीकडच्या घरातली म्हातारी लंगडत होती. मी विचारलं, मग काय केलं? म्हणाली, "काय करणार? फिएस्ताला तिलाही जेवायला बोलावलंच की."

माझं आपलं एक मत. जुनी घरं खांबांवर उभी, जमीन बांबूच्या फटीफटीच्या कामट्यांची, आणि खाली घरची डुकरं बांधलेली. काळोखात पोटुशी बाई जागी, आणि पाठीखाली हातभर अंतरावर कोणीतरी घुरघुरतंय. गोष्ट तयार व्हायला आणखी काय लागतं?

प्रश्न : सिसिग हा तव्यावरचा पदार्थ म्हणजे डुकराचं डोकं, हे ऐकून कसंतरी झालं. ही काय खोड?

खोड नाही, काटकसर. आणि मुळात त्यात डुक्कर नव्हतंच! पाम्पांगा प्रांताच्या कापाम्पांगान भाषेचा कोश बेरगान्यो या पाद्रीने १७३२ साली केला, त्यात सिसिग म्हणजे कच्ची पपई किंवा कच्चा पेरू, त्यावर मीठ, मिरी, लसूण आणि व्हिनेगर. आपण कैरीला तिखटमीठ लावतो, तसं. डोहाळ्याचं खाणं.

पुढे आंजेलेस शहराशेजारी क्लार्क हा अमेरिकेचा मोठा लष्करी हवाई तळ झाला. अमेरिकन सैनिक डुकराचं डोकं खात नाहीत, त्यामुळे तिथल्या कोठीतून डोकी स्वस्तात मिळायची. रेल्वे रुळांजवळ खानावळ चालवणाऱ्या लुसिया कुनानान या बाईंनी, लोक त्यांना आलिंग लुसिंग म्हणत, १९७४च्या सुमाराला ती उकडून, गाल आणि कान निखाऱ्यावर भाजून, बारीक चिरून, कांदा आणि मिरची घालून द्यायला सुरुवात केली. मग तापलेल्या बिडाच्या ताटलीत. चुर्र आवाज आला की समोर बिअर हवीच. २०१७ साली आंजेलेस शहराने ठराव करून सिसिगला आपला वारसा ठरवलं. अमेरिकन १९९१ साली गेले, डोकी राहिली.

रस्त्यावर काडीला लावून भाजलेले तुकडे मिळतात, त्यांची नावं ऐका. डुकराचा कान म्हणजे 'वॉकमन'. गोठलेल्या रक्ताचा चौकोन म्हणजे 'बेटामॅक्स', जुन्या व्हिडिओ कॅसेटसारखा. ती यंत्रं केव्हाच गेली, पोरांना ती खाण्याचीच नावं वाटतात.

प्रश्न : मध्यंतरी तिथे डुकरांच्या साथीची बातमी होती. आता घरोघरी डुक्कर पाळतात का?

आफ्रिकन स्वाइन फीवर. सप्टेंबर २०१९ मध्ये फिलिपिन्समध्ये ती असल्याचं जाहीर झालं. माणसाला होत नाही, पण डुक्कर वाचत नाही. २०२०च्या सुरुवातीला सव्वा कोटीच्या वर असलेली डुकरं वर्षभरात एक कोटीच्या खाली आली. फेब्रुवारी २०२१ मध्ये सरकारने मनिलात दर बांधून दिले, खांदा आणि मांडीचं मांस २७० पेसो किलो, पोटाचं ३०० पेसो. मग विक्रेत्यांनी माल आणणंच बंद केलं. ऑगस्ट २०२४ मध्ये बातांगासमधल्या लोबो गावापासून लस टोचायला सुरुवात झाली.

घाव बसला तो परसातल्या डुकरावर. प्रत्येक घराच्या मागच्या दाराशी एक बादली असे. तिच्यात उरलेला भात, भाताचं पाणी, फळांच्या साली. याला 'कानिंग बाबोय' म्हणतात, डुकराचा भात. कोणीतरी सायकलवरून येऊन ती गोळा करायचा. पण खरकट्यात शिजलेल्या डुकराचेही तुकडे असतात आणि विषाणू त्यातून पसरतो. म्हणून खरकटं घालायला बंदी आली, विकतचं खाद्य आलं, आणि ते परवडेना. डुकराला तिथे 'आल्कान्स्या' म्हणायचे, म्हणजे गल्ला. शाळेची फी आली की फोडायचा.

(राजकारणातलं डुक्कर वेगळं. खासदारांच्या विकासनिधीला तिथेही 'पोर्क बॅरल' म्हणतात. त्यातल्या घोटाळ्यावरून २६ ऑगस्ट २०१३ला मनिलाच्या लुनेता मैदानात प्रचंड लोक जमले, कित्येक जण डुकराची नाकं लावून. त्याच वर्षी नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो निधी घटनाबाह्य ठरवला. नानाय तेव्हा फोनवर म्हणाली होती, "डुकराला कशाला बदनाम करता? त्याचं सगळं उपयोगी पडतं.")

प्रश्न : इतकं लिहिता, पण तुम्ही स्वतः खाल्लंत का, ते सांगत नाही!

एवढ्या सगळ्यांनी विचारलं आहे की आता सांगावंच लागेल. माझ्या माहेरी अंडंसुद्धा घरात येत नसे.

ज्या फिएस्ताला मी अर्धा तास बांबू फिरवला, तिच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट. उरलेल्या लेचोनचं पाक्सिव करतात. हाडं, तुकडे, वातड झालेली कातडी, व्हिनेगर, लसूण, तमालपत्र, मिरी आणि उरलेली काळीजाची चटणी, सगळं मातीच्या भांड्यात मंद शिजवायचं. व्हिनेगर ओतल्यावर उकळी फुटेपर्यंत ढवळायचं नाही, नाहीतर कच्चा वास राहतो, असं नानाय बजावायची. दुपारी ती ताट घेऊन दारात आली. भात आणि खांद्याचा एक तुकडा. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "तू फिरवलंस, तुझा वाटा."

नऊ वर्षांत तिने मला कधी आग्रह केला नव्हता. हाही आग्रह नव्हता, हिशोब होता. खाल्लं. आंबट, थोडं गोड, मिरीचा झणका. मांसापेक्षा व्हिनेगरच जास्त लक्षात राहिलं. भात मात्र सगळा संपवला.

रिकामं ताट परत करायचं नाही, हे आपलं वळण. दुसऱ्या दिवशी त्यात शिरा घालून दिला, वेलदोडा, बेदाणे, चांगलं तूप सोडून. तिने चमचाभर चाखला, "मातामिस," म्हणाली. गोड आहे. मग माझ्याकडे पाहून छान हसली आणि ताट आत घेऊन गेली. संध्याकाळी तिच्या मागच्या दाराच्या बादलीत, भाताच्या पाण्यावर, माझे बेदाणे तरंगताना दिसले. नवं पिल्लू सकाळीच आलं होतं.